शास्त्र शिकविणारानें किती शिकावें?

(शास्त्रपाठ : एज्रा ७:१०, नहेम्या ८:१-१२)



एज्रा शास्त्री ह्याच्याविषयीं पवित्र शास्त्रांत जें एक लहानसें वाक्य आलें आहे तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. त्यानें तीन गोष्टींकडे मन लाविलें होतें, असें तेथें सांगितलें आहे : परमेश्वराच्या नियमशास्त्राचा शोध करणें, तें स्वतः पाळणें, आणि मग तें लोकांस शिकविणें. ह्यांचा क्रम नीट ध्यानांत घ्यावा. शिकविणें हें सर्वांच्या शेवटीं आलें आहे. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत बहुधा हा क्रम उलटा असतो. ज्यास वाचतां येतें आणि ज्याचा गळा बरा आहे त्याच्या हातीं शनिवारीं संध्याकाळीं पुस्तक देण्यांत येतें, व रविवारीं सकाळीं मुलें त्याच्यापुढें बसविण्यांत येतात. तो बिचारा जें सुचेल तें सांगतो. त्यास आम्ही दोष देत नाहीं. त्याच्या आवडीविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु मुलांस ख्रिस्ती धर्म शिकविणारानें स्वतः किती शिकावें, आणि तें कोणासाठीं शिकावें, ह्याचा विचार आज आपण करूं.

गांवचा एखादा मुलगा ईश्वरविज्ञान शिकावयास पुण्यास किंवा बंगलोरास निघाला कीं, “एवढें शिकून काय करावयाचें? पेत्र तर मासे धरणारा होता. त्यानें कोठें पदवी घेतली होती?” असें वडील माणसें विचारतात. प्रश्न टाकाऊ नाहीं. मात्र तो मासे धरणारा जाळें टाकून कोणाच्या मागें चालत होता, आणि किती काळ ऐकत व विचारीत होता, हें विचारणारे विसरतात. पौलाविषयीं तर बोलावयासच नको; तो गमलिएलाच्या चरणांपाशीं बसून शिकलेला होता.

ह्या प्रश्नाच्या विचारासाठीं आम्ही तुम्हांस जर्मनी देशांत नेऊं इच्छितों. प्रॉटेस्टंट मतानें मुलांस धर्म शिकविण्याचें काम तेथें जवळजवळ पांचशें वर्षें चाललें आहे, आणि त्यासाठीं शिक्षकानें विद्यापीठांत जाऊन पुष्कळ वर्षें अभ्यास करावा, असा तेथें नियम आहे. त्या नियमाचें मूळ मात्र विद्यापीठांत नसून खेड्यांत आहे. १५२८ व १५२९ ह्या सालीं मार्टिन लूथर व त्याचे सोबती साक्सनी प्रांतांतील मंडळ्या पाहावयास निघाले. त्यांस काय आढळलें? खेड्यांतील लोकांस दहा आज्ञा ठाऊक नाहींत, प्रभूची प्रार्थना येत नाहीं. आणि कित्येक पाळकांसही शिकवितां येत नाहीं! लूथर दुःखी होऊन परत आला, आणि १५२९ सालीं त्यानें दोन प्रश्नोत्तरावल्या लिहिल्या : मोठी शिकविणारांसाठीं, व लहान घरोघरच्या मुलामाणसांसाठीं. तो १५१२ सालापासून ईश्वरविज्ञानाचा डॉक्टर होता. असें असतां मोठ्या प्रश्नोत्तरावलीच्या प्रस्तावनेंत तो कबूल करितो कीं, आपण अजून दररोज सकाळीं लेंकराप्रमाणें त्याच आज्ञा, तोच विश्वासांगीकार आणि तीच प्रार्थना शब्दशः म्हणतों, व तरीही त्यांचा अभ्यास आपल्यास पुरा झालेला नाहीं. आमच्या उपदेशक बंधूंनीं हें विसरूं नये. ज्यानें सर्व जर्मनीस शिकविलें तो मुलांच्या धड्यांतून कधीं उत्तीर्ण झालाच नाहीं.

धर्मशिक्षक म्हणजे पाळकाहून कांहीं तरी हलकें पद, असेंही कोणी समजूं नये. लूथराचा सोबती मेलांक्थन हा १५१८ सालीं वयाच्या २१ व्या वर्षीं विटनबर्ग येथें ग्रीक भाषेचा शिक्षक म्हणून आला. त्यास पाळकाची दीक्षा कधींच मिळाली नाहीं. जन्मभर तो शिक्षकच राहिला. तरी जर्मन लोक त्यास आजही आपल्या देशाचा गुरु म्हणतात.

आतां सांप्रतची व्यवस्था पाहूं. २३ मे १९४९ रोजीं जाहीर झालेल्या जर्मन राज्यघटनेच्या ७ व्या कलमाप्रमाणें धर्मशिक्षण हा सरकारी शाळांतील गणित-भूगोलासारखा नेहमींचा विषय आहे. ब्रेमेन व बर्लिन येथें निराळी रीत आहे, ती असो. शाळेवर देखरेख सरकारची. पण धर्माच्या तासाला काय शिकवावें हें त्या त्या मंडळीच्या तत्त्वांप्रमाणें ठरतें. त्याच कलमांत असेंही आहे कीं, कोणत्याही शिक्षकावर त्याच्या मनाविरुद्ध हा विषय शिकविण्याची सक्ती होऊं नये. आईबापांस आपलें मूल ह्या तासांतून काढून घेतां येतें. आणि १९२१ च्या एका कायद्याप्रमाणें १४ वर्षें पुरीं झालेलें मूल आपल्या धर्माविषयीं स्वतःच निर्णय करूं शकतें. ह्या तासास बसावें कीं नाहीं हेंही बहुतेक प्रांतांत त्या वयापासून मुलाच्याच हातीं येतें. बव्हेरियासारख्या ठिकाणीं त्यास आणखी कांहीं वर्षें थांबावें लागतें.

ह्याचा अर्थ काय होतो, तो मनांत आणा. चौदा वर्षांचा मुलगा उठून म्हणूं शकतो, “गुरुजी, उद्यांपासून मी ह्या तासाला येणार नाहीं,” आणि गुरुजींस त्याला धरून ठेवतां येत नाहीं. छडी नाहीं, धाक नाहीं. शिक्षकापाशीं उरतें काय? त्याचें ज्ञान, त्याचा खरेपणा, आणि त्या मुलाविषयींची त्याची प्रीति, एवढेंच. आम्हांस ही व्यवस्था सुवार्तेच्या फार जवळची वाटते. तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हां प्रभूनें त्याच्यामागें शिष्य धाडून त्याला ओढून आणिलें नाहीं.

अशा वर्गापुढें जो उभा राहणार त्याची तयारी लांबलचक असते. बहुतेक ठिकाणीं पहिली पदवी तीन वर्षांची, आणि तिच्यापुढें शिक्षकी पेशाची वरची पदवी आणखी दोन वर्षांची. कांहीं प्रांतांत पदव्यांच्या ऐवजीं जुन्या रीतीप्रमाणें सरकारी परीक्षा आहे. हा विद्यार्थी जुना करार शिकतो, नवा करार शिकतो, मंडळीचा इतिहास, ख्रिस्ती सिद्धांत व नीति, इतर धर्मांची माहिती, आणि मुलाच्या मनास गोष्ट कशी समजते व कशी समजत नाहीं ह्याचें शास्त्रही शिकतो. वरच्या शाळांत शिकवावयाचें असेल तर ग्रीक व लॅटिन भाषांची अपेक्षा पुष्कळ ठिकाणीं असते, कोठें कोठें इब्रीचीही. शिवाय बहुधा त्याला दुसरा एक विषय घ्यावा लागतो. म्हणून जे गुरुजी पहिल्या तासाला त्रैराशिक शिकवितात तेच तिसऱ्या तासाला डोंगरावरील प्रवचन शिकवितांना दिसतात. हें आम्हांस फार आवडतें! धर्माचा शिक्षक निराळा आणि व्यवहाराचा निराळा, अशी फाळणी मुलाच्या मनांत पडत नाहीं.

पदवीनंतर एक ते दोन वर्षें शाळेंत उमेदवारी करावी लागते. नवा शिक्षक धडा देतो आणि जुने जाणते लोक वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पाहतात. आणि सरकारची परीक्षा झाली तरी काम संपत नाहीं, कारण मंडळीचें बोलावणें लागतें. त्यास ते लॅटिन भाषेंतला ‘वोकात्सियो’ हा शब्द वापरतात. पुष्कळ प्रांतिक मंडळ्यांत हें बोलावण्याचें पत्र उपासनेच्या वेळीं सर्वांसमक्ष दिलें जातें.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती थोडी नाजूक आहे. परंतु ती झांकून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. भक्तिमान घरांतून आलेला तरुण विद्यापीठांत गेला म्हणजे पहिल्या एकदोन वर्षांतच त्याचे पाय लटपटूं लागतात. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या आरंभीं सृष्टीच्या दोन हकिकती आहेत, हें त्यानें लहानपणीं कधीं पाहिलेलेंच नसतें. मोशेच्या म्हणून मानलेल्या पांच पुस्तकांत निरनिराळ्या काळचे धागे विणलेले आहेत, असें पंडित त्यास सांगतात. चार शुभवर्तमानांत घडलेल्या गोष्टींचा क्रम एकसारखा नाहीं, हें तो स्वतः ताडून पाहतो. कांहीं विद्यार्थी ह्यानें भिऊन पुस्तक मिटतात. कांहीं उलट ऐट मिरवूं लागतात व घरच्या आजीच्या प्रार्थनेस हंसतात. ह्या दोघांच्याही हातीं मुलें देऊं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मग हा अभ्यास करावाच कशाला? ह्याचें उत्तर आम्ही मोठ्या ग्रंथांतून न देतां वर्गांतून देतों. जलप्रलयाची गोष्ट चालली आहे. तारू, कबुतर, इंद्रधनुष्य, सर्व कांहीं झालें. मागें बसलेली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी विचारते, “पण जीं तान्हीं लेंकरें बुडालीं त्यांनीं काय केलें होतें?” असा प्रश्न ज्यानें ऐकला नसेल तो मुलांमध्यें फार बसलेला नाहीं. ज्याची तयारी नाहीं तो शिक्षक येथें घाबरतो. आणि घाबरलेलें माणूस रागावतें. “असें विचारूं नये, देवाचा कोप होतो,” असें सांगून तो पुढचा धडा काढतो. मुलगी गप्प बसते. ती पुन्हां विचारीत नाहीं, आणि शिक्षकास वाटतें कीं तिचें समाधान झालें. दहा वर्षांनीं ती उपासनेस येईनाशी होते, तेव्हां आपण सर्व मिळून काळाला दोष देतों, शहराला देतों, मोबाइलला देतों. त्या रविवारीं तिच्या तोंडावर हात ठेवला गेला होता, हें कोणाच्या लक्षांतही नसतें.

चांगला शिकलेला शिक्षक काय करितो? त्याच्यापाशीं ह्या प्रश्नाचें तयार उत्तर असतें असें कोणी समजूं नये. त्याच्यापाशीं उत्तर नसतें, पण भय नसतें; कारण हा प्रश्न त्यानें स्वतः रात्री जागून विचारलेला असतो. तो मुलीस सांगतो कीं, बाळे, तूं एकटी नाहींस. सदोम नगरासाठीं अब्राहाम देवापुढें उभा राहिला व पन्नासांवरून दहांपर्यंत घासाघीस करीत बोलला. देवानें त्याला हांकलून दिलें नाहीं. ईयोबानें ह्याहून कडक शब्द काढिले, आणि शेवटीं देवानें दोष लाविला तो ईयोबाच्या शहाण्या मित्रांना. स्तोत्रांच्या पुस्तकांत ‘कां?’ आणि ‘कोठवर?’ हे शब्द किती वेळां येतात तें तो तिला मोजावयास लावितो. त्या मुलीस उत्तर मिळालें कीं नाहीं हें आम्ही सांगूं शकत नाहीं. तिला शास्त्रांत आपल्यासाठीं जागा मिळाली, एवढें खरें. आणि ही जागा दाखविण्यास ईयोबाचें पुस्तक नुसतें ठाऊक असून चालत नाहीं. त्यांत राहून आलेला माणूस लागतो. विद्यापीठांतील ती लटपट येथें कामास येते.

जर्मनींत ह्या विषयास गुणही देतात, आणि ते वरच्या वर्गांत जाण्यास धरले जातात. गुण ज्ञानाचे व विचाराचे, विश्वासाचे नव्हेत. आमच्याकडे वार्षिक शास्त्रपरीक्षेंत ज्याला सर्वांत अधिक वचनें मुखोद्गत येतात त्याला बक्षीस मिळतें, आणि मग तोच मुलगा मंडळींत सर्वांत भक्तिमान, असा समज होतो. पाठांतर चांगलें आहे. पण ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

तथापि केवळ शिकल्यानें माणूस सुरक्षित होतो असेंही नाहीं, आणि ह्याचा दाखला त्याच देशांत आहे. १३ नोव्हेंबर १९३३ रोजीं बर्लिन शहरांतील क्रीडामंदिरांत सुमारें २०,००० लोकांपुढें डॉ. राइनहोल्ड क्राउझे नांवाचा एक पदवीधर शिक्षक उभा राहिला, आणि मंडळीनें जुना करार सोडून द्यावा, अशी मागणी त्यानें केली. कां, तर तो यहूदी लोकांचा म्हणून! हिटलरच्या राज्याचें तें पहिलेंच वर्ष होतें. पुष्कळांनीं टाळ्या वाजविल्या. त्या सभेंत शिकलेलीं माणसें थोडीं नव्हतीं. एज्राच्या तीन गोष्टींतली मधली गोष्ट, म्हणजे शोधलेलें स्वतः पाळणें, गळाली म्हणजे पहिली व तिसरी ह्यांचें काय होतें तें त्या रात्रीं दिसलें.

त्याच शहरांत त्याच्या दोनच वर्षें आधीं दुसरा एक डॉक्टर निराळ्या रीतीनें शिकवीत होता. डीट्रिख बोनहोफर ह्यांनीं वयाच्या २१ व्या वर्षीं, १९२७ सालीं, डॉक्टराची पदवी मिळविली होती व १९३१ सालीं ते विद्यापीठांत व्याख्यानें देऊं लागले होते. त्याच वर्षीं त्यांच्याकडे सियोन मंडळींतील दृढीकरणाचा एक वर्ग आला. मजूरवस्तींतलीं सुमारें पन्नास मुलें, इतकीं दांडगीं कीं आधींचे म्हातारे पाळक टेंकीस आले होते. बोनहोफर ओरडले नाहींत. ते शांत उभे राहिले, व हळू आवाजांत, ज्यांना ऐकावयाचें त्यांनाच ऐकूं जाईल असें, अमेरिकेंतील काळ्या लोकांच्या हार्लेम वस्तींत आपण काय पाहिलें तें सांगूं लागले. मुलें एकमेकांस गप्प करूं लागलीं. पुढें त्यांनीं त्याच वस्तींत खोली भाड्यानें घेतली, म्हणजे मुलांस संध्याकाळीं येतां यावें. आणि दृढीकरणाचे दिवस जवळ आले तेव्हां गरिबांच्या पोरांस कपडे नाहींत म्हणून कापडाचें मोठें ठाण आणून त्यांस कापड वांटून दिलें. मार्च १९३२ मध्यें त्या मुलांचें दृढीकरण झालें. ह्याच बोनहोफरांस १९३४ सालीं महात्मा गांधींनीं हिंदुस्थानांत येण्याचें आमंत्रण दिलें होतें; पण येणें घडलें नाहीं. हिटलरच्या राज्याला विरोध केल्याबद्दल त्यांना ९ एप्रिल १९४५ रोजीं फाशी देण्यांत आलें.

त्या देशांतील असाच दुसरा शिकलेला मनुष्य मात्र आपल्या देशांत येऊन पोहोंचला होता. बार्थोलोमेउस त्सीगनबाल्ग हा हाले येथील विद्यापीठांत शिकलेला होता, व ९ जुलै १७०६ रोजीं तो तामीळ देशांतील तरंगमबाडी येथें उतरला. तेथें त्यानें काय केलें? गांवच्या पंतोजीला विनंती करून शाळा आपल्या घरीं भरवून घेतली, आणि लहान पोरांच्या रांगेंत खालीं बसून वाळूंत बोटानें तामीळ अक्षरें गिरविलीं. आपल्या आजोबांनीं धुळपाटीवर जीं धुळाक्षरें काढलीं तशींच तीं! पुढें त्यानें नव्या कराराचें तामीळ भाषांतर केलें, व १७१५ च्या सुमारास तें त्याच गांवीं छापून निघालें. त्याची इब्री-ग्रीक विद्या कामास आली हें खरेंच. पण ती धुळींत बसावयास लाजली असती तर येथें कोणालाच उपयोगी पडली नसती.

आपल्या उपदेशकांस व बायबलबायांस मात्र आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १९४९ पासून १९९० पर्यंत जर्मनीचा पूर्वेकडील भाग निराळें राज्य होता, व तेथील शाळांतून धर्मशिक्षण काढून टाकलें होतें. त्या चाळीस वर्षांत मुलांस कोणी शिकविलें? शाळा सुटल्यावर मंडळीच्या खोलींत ‘ख्रिस्ती शिकवण’ ह्या नांवाचा वर्ग भरे, आणि तो मंडळीनें तयार केलेले उपदेशक घेत. त्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या. जीं मुलें उघडपणें मंडळींत राहत त्यांस पुढें वरच्या शिक्षणास अडथळा होई, हें आईबापांस माहीत असे. तरी कित्येक आईबाप मुलें पाठवीत. अशा वर्गांत शिकविणारीस पोकळ बोलून कसें चाललें असतें?

आपली स्थिति ह्याच वर्गासारखी आहे. दडपण तसें नाहीं, पण जागा तीच. आपल्या देशाच्या राज्यघटनेचें २८ वें कलम सांगतें कीं, जी शाळा सर्वस्वी सरकारी पैशावर चालते तींत धर्मशिक्षण देऊं नये. आणि जी सरकारी मदत घेते तींत कोणाच्या मुलावर त्याची सक्ती होऊं नये. हा नियम योग्य आहे. ज्या देशांत इतके धर्म नांदतात तेथें गांवच्या शाळेनें कोणा एकाचा धर्म शिकवूं नये, हेंच बरें. पण मग आपल्या मुलांस शिकविण्याचें काम दुसऱ्या कोणावर टाकतां येत नाहीं. तें घराचें आणि रविवारच्या शाळेचें. त्या शाळेच्या शिक्षकासाठीं वरचें शिक्षण आपल्याकडे नाहीं असेंही नाहीं. अहमदनगर येथें १८७८ सालीं ईश्वरविज्ञानाची शाळा निघाली. श्रीरामपूर येथील कॉलेजास तर डेन्मार्कच्या राजानें १८२७ सालींच पदव्या देण्याची सनद दिली. वाट मळलेली आहे. चालणारे थोडे आहेत, आणि जे चालतात त्यांतले पुष्कळ शहरांत राहतात. कां राहतात, हें मंडळ्यांनीं स्वतःस विचारावें. शिकून आलेल्या मुलीस आपण लग्नांतलीं गीतें बसवावयास सांगतों, अहवाल लिहावयास सांगतों, आणि मुलांचा वर्ग मात्र पूर्वींच्याच माणसाकडे राहूं देतों.

कोणास पाठवावें, ह्याविषयीं आमचें मत थोडें निराळें आहे. ज्याला शंभर वचनें पाठ आहेत त्याच्याआधीं, ज्यानें जलप्रलयांतल्या लेंकरांविषयीं विचारलें त्याच्याकडे पाहावें. तो लहान मुलांजवळ जमिनीवर बसतो का, हेंही पाहावें. दोन्ही दिसलीं तर घरोघरचें मुठीचें धान्य त्याच्या नांवें निराळें ठेवावें, व तो सुटींत घरीं आला म्हणजे नवें काय शिकलास तें मंडळीपुढें सांगावयास लावावें, जड गेलें तरी.

एज्राच्या वेळीं पाणीवेशीपुढील चौकांत पुरुष, स्त्रिया व ज्यांना म्हणून समजत होतें तीं सर्व जमलीं होतीं. एज्रा उंच लांकडी व्यासपीठावर उभा राहून उजाडल्यापासून दोन प्रहरपर्यंत वाचीत होता. पण लेवी लोक शास्त्राचा अर्थ फोड करून लोकांना समजावून देत होते, आणि लोक आपापल्या जागीं उभे राहून ऐकत होते. ऐकतां ऐकतां ते रडूं लागले. मग त्यांना घरीं पाठविण्यांत आलें. त्यांनीं मिष्टान्न खाल्लें, ज्यांच्या घरीं कांहीं शिजलें नव्हतें त्यांच्याकडे वांटे पाठविले, आणि मोठा आनंद केला, कारण जें सांगितलें होतें तें त्यांना समजलें होतें.